प्रवेशिकेसोबत पटकथाही मागवा : नागपुरातल्या लघुपट स्पर्धांच्या आयोजकांना खुले पत्र

नागपुरात लघुपट स्पर्धा आणि चित्रपट महोत्सव भरवणाऱ्या सर्व मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मी कथा लिहिते. गेली चोवीस वर्षं लिहिते आहे. बहुतेक कथा दिवाळी अंकांत आल्या, एक संग्रहही निघाला. माझ्या एका कथेवर कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या एका मुलाने मागच्या उन्हाळ्यात सोळा मिनिटांचा लघुपट केला आणि हिवाळ्यात तो आपल्या शहरातल्या एका स्पर्धेत दाखवला गेला. स्पर्धेचं नाव घेत नाही, कारण माझं म्हणणं एका स्पर्धेपुरतं नाही. नंतर मी आणखी तीन ठिकाणचे प्रवेश-अर्ज मागवून पाहिले. दिग्दर्शक, निर्माता, छायाचित्रण, संकलन, संगीत, लोकेशन, लघुपटाची लांबी, बँकेचा तपशील, सगळ्याला रकाने होते. एका अर्जात तर कॅमेऱ्याचं मॉडेलही विचारलं होतं. लिहिलं कुणी, हे एकातही विचारलेलं नव्हतं.

माझ्या नावासाठी हे पत्र नाही. त्या मुलाने श्रेयनामावलीत माझं नाव ठळक दिलं होतं, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. त्या संध्याकाळी पडद्यावर जे झालं ते मात्र सांगायलाच हवं. पुढे मी जे मागणार आहे, ते सगळं तिथूनच आलेलं आहे.

कथा अशी. काटोलकडची एक बाई. नवरा गेला, संत्र्याची बाग विकली गेली आणि मुलाने तिला नागपूरला, मानेवाड्याच्या फ्लॅटमध्ये आणलं. मे महिना आहे. हॉलमध्ये खिडकीला कूलर लावलेला, तो रात्रंदिवस चालू. त्या घरघरीत तिला सुनेचं बोलणं अर्धवट कळतं, नातवाचं तर कळतच नाही. कुणी काही विचारलं की ती नुसती मान हलवते. एका रात्री लाइट जाते. कूलर हळूहळू मंदावतो, पातं दोनचार वेळा फिरून थांबतं. घर एकदम शांत होतं. आणि त्या शांततेत ती शेजारच्या रिकाम्या उशीकडे तोंड करून विचारते, “झोपले का जी?”

एवढीच कथा आहे. कूलरचा आवाज थांबणं, हीच तिच्यातली घटना.

लघुपटाचं शूटिंग खऱ्या मे महिन्यात झालं, नागपूरच्या मे महिन्यात. पंचेचाळीस अंशांत त्या पोरांनी तीन दिवस काम केलं. संवाद रेकॉर्ड करायचे म्हणून कूलर बंद ठेवावा लागला. सगळे घामाने चिंब झाले होते, ज्या काकू आईची भूमिका करत होत्या त्यांना दोनदा ग्लुकोजचं पाणी द्यावं लागलं. मेहनतीत कुठे काही कमी नव्हतं. पण नंतर संकलनाला बसल्यावर कूलरचा आवाज घालायचा राहून गेला. पहिल्या चौकटीपासून घर शांत होतं, वरून बासरी. मग ती रात्र येते, लाइट जाते, पडदा काळा होतो, आणि काहीच होत नाही. थांबायला आवाजच नव्हता. “झोपले का जी?” हे वाक्य आलं तेव्हा माझ्या मागच्या रांगेत कुणीतरी हळूच म्हणालं, “स्वप्नात बोलून राहिली वाटते.”

परीक्षकांनी व्यासपीठावरून सांगितलं, छायाचित्रण उत्तम, अभिनय उत्तम, पण शेवट पोचत नाही, कथाच कमकुवत आहे.

बाहेर आल्यावर मी त्या मुलाला विचारलं, पटकथेत कूलर कसा लिहिला होता? तो म्हणाला, “काकू, पटकथा अशी लिहिली नव्हती. डोक्यात होती ना सगळी.” त्याच्याकडे दिवाळी अंकाची झेरॉक्स होती, पेनाने खुणा केलेली. मोबाइलमध्ये शॉटची यादी होती. कूलर त्याच्या डोक्यात नक्कीच होता, मला त्याबद्दल शंका नाही. पण ध्वनी रेकॉर्ड करणाऱ्या मुलाच्या डोक्यात तो नव्हता. संकलकाच्या डोक्यात नव्हता. तो तर पुण्याला बसून काम करत होता. मानेवाड्याच्या फ्लॅटमधला मे महिना त्याला कुठून कळणार?

पहिल्या पानावर एवढी एक ओळ हवी होती : कूलरचा आवाज, पहिल्या दृश्यापासून लाइट जाईपर्यंत अखंड. ती असती तर रेकॉर्डिंगवाल्या मुलाने शूटिंग संपल्यावर पाच मिनिटं सगळ्यांना गप्प बसवून कूलर वेगळा रेकॉर्ड करून घेतला असता. चालू करताना, चालू असताना, बंद पडताना. त्याला एक रुपयाही लागला नसता. ती ओळ नव्हती म्हणून तीन दिवसांचा घाम, घरून मागितलेले पैसे, एका ज्येष्ठ अभिनेत्रीचा जीव तोडून केलेला अभिनय, सगळं शेवटच्या मिनिटाला वाहून गेलं. माझा जीव तुटला तो त्या पोरांसाठी.

आपल्यापैकी बरेच जण पदरमोड करून या स्पर्धा भरवता, हॉलचं भाडं भरता, परीक्षकांच्या जाण्यायेण्याची सोय करता, हे मला माहीत आहे. म्हणूनच आपल्याशी बोलावंसं वाटलं. या मुलांना पटकथा लिहायला लावू शकेल असं या शहरात आज आपल्याइतकं कुणीच नाही. कॉलेज सांगू शकत नाही, आईवडील तर नाहीच. पण आपल्या अर्जात जे मागितलं जातं ते ही मुलं रात्रभर जागून तयार करतात. आपण पोस्टर मागता, तर पोस्टर येतं. तीस सेकंदांचा ट्रेलर मागता, तर तोही येतो. तिथेच पटकथा मागा.

पटकथा म्हणजे काय, याबद्दल मुलांमध्येच नव्हे, परीक्षकांमध्येही फार घोटाळा दिसतो. पटकथा म्हटलं की पुष्कळांना संवाद आठवतात. काहींना गोष्ट आठवते. माझ्या त्या लघुपटात गोष्टही होती आणि संवादही होते. नव्हता तो मधला निर्णय : कुठला आवाज कधी सुरू होतो, प्रेक्षकाला कुठली वस्तू आधी दिसते आणि कुठली त्याच्यापासून लपवून ठेवायची, बाई दारातून आत येते तेव्हा आपण घरात आधीपासून बसलेलो असतो की तिच्या मागून आत शिरतो. हे ठरवायचं, आणि ठरलेलं अशा रीतीने मांडायचं की वेगवेगळी कामं करणाऱ्या दहा माणसांना ते सारखंच कळेल. म्हणून मला ते लेखनच वाटतं, आणि कथेपेक्षा कडक शिस्तीचं लेखन वाटतं.

ही शिस्त मला त्याच मुलाने शिकवली, हेही सांगते. लघुपट पडल्यावर तो माझ्या घरी आला. उतरलेला चेहरा. पण हिंमत सोडलेली नव्हती. म्हणाला, काकू, याच कथेची आता नीट पटकथा लिहू, पुढच्या वर्षी परत करू. आम्ही बसलो. रविवारी सकाळी तो शंकरनगरच्या कोपऱ्यावरून तर्री-पोहे बांधून आणायचा आणि दुपारपर्यंत आमचं लिहिणं चालायचं. माझ्या कथेत एक वाक्य होतं, ‘त्या घरात तिला परकं वाटायचं.’ त्याने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “काकू, परकं वाटायचं म्हणजे ती करायची काय?”

मला उत्तर देता आलं नाही. चोवीस वर्षं लिहिणारी बाई मी, आणि माझ्याच पात्राला परकं वाटतं तेव्हा तिचे हात काय करतात, हे मला सांगता येईना. दोन दिवस डोक्यात तेच. तिसऱ्या रात्री मी स्वतः पाणी प्यायला उठले, अंधारातच, आणि दिवा न लावता माझा हात बरोबर पेल्यावर गेला. तेव्हा सुचलं. काटोलच्या घरी चाळीस वर्षं माठ डावीकडे होता, कमरेच्या उंचीच्या ओट्यावर. इथे फ्लॅटमध्ये ती रात्री उठते, स्वयंपाकघरात जाते, आणि तिचा डावा हात आपोआप त्याच उंचीवर पुढे जातो. तिथे भिंत आहे. हात भिंतीला टेकतो, क्षणभर तसाच राहतो, मग ती हात मागे घेते आणि तहानलेलीच परत जाऊन निजते.

आम्ही ते लिहून काढलं. पटकथेत ते साडेतीन ओळींचं दृश्य आहे. पण झालं असं की मी कथाही बदलली. संग्रहाची पुढची आवृत्ती निघेल तेव्हा ‘परकं वाटायचं’ हे वाक्य त्यात नसेल, भिंतीला टेकलेला हात असेल. म्हणजे लेखक चित्रपटाला काही देतो एवढंच नाही. चित्रपटाचा प्रश्न लेखकाच्या वहीपर्यंत येतो आणि तिथली आळशी वाक्यं उघडी पाडतो. माझ्या लेखक मित्रांना चित्रपटाची एक अढी असते, की ते लोक आपल्या कथेची वाट लावतात. वाट लागतेही. पण कॅमेऱ्यासमोर जे उभं करता येत नाही, ते आपण कागदावर तरी खरंच उभं केलं होतं का, हा प्रश्न एकदा स्वतःला विचारून पाहावा असं मला मनापासून वाटतं.

मराठीत या देवाणघेवाणीची परंपरा मोठी आहे. वि. स. खांडेकरांनी १९३६ साली ‘छाया’साठी लिहिलं, आचार्य अत्र्यांनी लिहिलं, गदिमांनी तर गाण्यांइतक्याच जोमाने पटकथा लिहिल्या. मला सगळ्यात जास्त ‘अर्धसत्य’चं उदाहरण सांगावंसं वाटतं. १९८३ चा हा हिंदी चित्रपट श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या मराठी कथेवरून निघाला. पटकथा विजय तेंडुलकरांची, संवाद वसंत देवांचे आणि चित्रपटाला नाव देणारी कविता दिलीप चित्र्यांची. एका चित्रपटामागे चार लेखक, चौघांचं काम वेगवेगळं, आणि दिग्दर्शक गोविंद निहलानींना त्या चारही कामांची गरज वाटली. कथा आहे म्हणजे पटकथा झालीच, असं त्यांनी धरलं नाही.

आणि नागपूर? आपल्याकडचीच माणसं घ्या. महेश एलकुंचवार याच शहरात राहून, इथे इंग्रजी शिकवत लिहीत राहिले, आणि १९८४ साली त्यांच्या ‘पार्टी’ आणि ‘होळी’ या दोन नाटकांवर दोन वेगवेगळ्या दिग्दर्शकांनी चित्रपट केले. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ साली रंगभूमीवर आलं आणि २०१५ साली पडद्यावर. पन्नाशीच्या दशकात इथे आकाशवाणीत आणि ‘नया खून’ या साप्ताहिकात राबणारे गजानन माधव मुक्तिबोध, घरात मराठी बोलणारे आणि हिंदीत लिहिणारे; त्यांच्या लेखनावर मणी कौलांनी १९८० साली ‘सतह से उठता आदमी’ केला. वीरा साथीदार ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक होते, चळवळीतले कार्यकर्ते होते, आणि २०१४ च्या ‘कोर्ट’मधला लोकशाहीर नारायण कांबळे त्यांनी उभा केला. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाने ते गेले. मला त्यांची आठवण येते ती अशी, की ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचे लेख वाचून, दुरुस्त करून छापले, त्याला कॅमेऱ्यासमोर एकही शब्द वायफळ उच्चारता येत नव्हता.

राजकुमार हिराणी नागपूरचे, हे प्रत्येक स्पर्धेच्या उद्घाटनात सांगितलं जातं. त्यांच्या वडिलांची इथे टायपिंग इन्स्टिट्यूट होती, हे मात्र कुणी सांगत नाही. मला ते फार महत्त्वाचं वाटतं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ते संकलन शिकले, आणि पुढे सहलेखक घेऊन स्वतःचे चित्रपट स्वतः लिहीत आले. संकलकाला पटकथेची किंमत सगळ्यात आधी कळते, कारण जे लिहिलं गेलं नाही त्याचं भोक त्याच्याच टेबलावर दिसतं.

एका परीक्षकांनी मला गप्पांत सांगितलं, “सत्यजित राय यांनीही ‘पथेर पांचाली’ची पूर्ण पटकथा लिहिली नव्हती.” खरं आहे. पण त्याच राय यांनी दृश्यामागून दृश्य चित्रं काढून ठेवली होती. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, तो चित्रपट ज्या कादंबरीवरून निघाला, तिच्या मुलांसाठी काढलेल्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रं त्यांनी चित्रपटाच्या कितीतरी आधी केली होती. म्हणजे ओळ आणि चित्र यांच्यातलं नातं त्यांच्या हाताला वर्षानुवर्षं माहीत होतं. लिहिणं टाळण्यासाठी त्यांचं नाव वापरणं मला पटत नाही. कुणी मुलगा पटकथेऐवजी चित्रांची वही घेऊन आला तर तीही अवश्य स्वीकारा. काहीतरी ठरवून कागदावर आणलेलं असावं, एवढंच.

आता भाषेबद्दल. हा विषय माझ्या फार जवळचा आहे, म्हणून इथे थोडी रेंगाळते. आपल्याकडची मुलं पटकथा लिहीत नाहीत, आणि लिहिलीच तर संवाद रोमन लिपीत लिहितात. त्यात काय होतं ते पाहा. आपल्या भागात ‘डोळा’ला पुष्कळ घरांत ‘डोया’ म्हणतात. रोमन लिपीत अक्षरं पडतात ती पुस्तकी शब्दाची, आणि त्यातही ळ कुठला आणि ल कुठला, ण कुठला आणि न कुठला, याचा पत्ता नसतो. अभिनेता पुण्याचा असेल तर आपल्या सवयीने वाचतो. ‘काहून’चं ‘का’ होतं, ‘मले’चं ‘मला’ होतं, ‘येऊन राहिलो’चं ‘येतोय’ होतं. मग शेवटी वऱ्हाडी किंवा नागपुरी बोली उरते ती पानवाल्यापुरती, नोकरापुरती, हसवण्यापुरती. नायक गंभीर झाला की प्रमाण मराठीत बोलायला लागतो. जणू आपल्या बोलीत कुणाला दुःखच होत नाही.

हा प्रश्न केवळ अस्मितेचा नाही, चित्रपटाच्या लयीचाही आहे. ‘येतोय’ आणि ‘येऊन राहिलो’ यांना बोलायला लागणारा वेळ वेगळा. ‘येऊन राहिलो’ म्हणणारा माणूस दारात रेंगाळतो, वाक्य संपेपर्यंत त्याचा चेहरा आपल्याला दिसत राहतो. शॉट तेवढा लांबतो. कात्री कुठे लावायची हे बोलीने ठरवलेलं असतं. ‘झोपले का जी?’ मधला ‘जी’ काढला तर एक प्रश्न उरतो, चाळीस वर्षांचा संसार जातो. हे सगळं शूटिंगच्या दिवशी घाईत सुचत नाही. ते आधी देवनागरीत, आपल्या उच्चारासारखं, कागदावर उतरलेलं असावं लागतं. ‘झुंड’मध्ये नागपूरच्या झोपडपट्टीतली पोरं मोठ्या पडद्यावर दिसली तेव्हा या शहराला जो आनंद झाला तो आठवा. तो आनंद दिग्दर्शक बाहेरून येण्याची वाट पाहत का थांबावा?

यासाठी एक सुचवते. आपल्या परीक्षक मंडळात झाडीपट्टी रंगभूमीचा एक तरी लेखक असू द्या. भाताची कापणी आटोपली की वडसा, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागात रात्र-रात्र नाटकं चालतात, हजारोंनी माणसं बसतात. त्या लेखकांना प्रेक्षक कुठे चुळबुळतो आणि कुठे श्वास रोखतो हे अंधारात बसून कळलेलं असतं. दरवर्षी नवं लिहावं लागतं, आणि लिहिलेलं पडलं तर त्याच रात्री समजतं. बोली त्यांच्या हाडीमांसी आहे. मुंबईहून आलेल्या पाहुण्या परीक्षकांइतकाच, किंबहुना काकणभर जास्तच, आपल्या मुलांना त्यांचा उपयोग होईल.

कायद्याचंही थोडं बोलते, कारण मुलांचं नुकसान तिथेही होतं. दिवाळी अंकातली कथा आवडली, घेतली, लघुपट केला, लेखकाला कळवलंही नाही, असं सर्रास चालतं. मनात चोरी नसते, माहितीच नसते. लेखक हयात असेपर्यंत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कथेचा स्वामित्वहक्क त्याचा किंवा वारसांचा असतो. तो हक्क सोपवायचा तर लेखी आणि सहीनिशी सोपवावा लागतो. कागदावर मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातच हे आहे. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटात वापरलेल्या लेखनाच्या, चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतला लेखकाचा वाटाही राखून ठेवला. लेखकाच्या संमतीचं पान अर्जासोबत मागितलंत तर पुढचे सगळे तंटे जागच्या जागी मिटतील. माझ्या मुलाने, म्हणजे त्या दिग्दर्शकाने, ते आपणहून आणलं होतं; माझी सही घेतली आणि चहा पिऊन गेला. पाच मिनिटांचं काम.

आणि याच कायद्याची दुसरी बाजू मुलांनी लक्षात घ्यावी अशी आहे. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयासमोर एका नाटककाराचा खटला आला होता, आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स. आपल्या नाटकावरून चित्रपट उचलला, असं त्यांचं म्हणणं. ते हरले. न्यायालयाने सांगितलं, कल्पनेवर कुणाचा हक्क नसतो. ती कल्पना ज्या रीतीने मांडली त्या मांडणीवर असतो. म्हणजे ‘पटकथा डोक्यात आहे’ म्हणणाऱ्या मुलाच्या हातात उद्या काहीच नाही. त्याने चहाच्या टपरीवर सांगितलेली कल्पना दुसऱ्याने उचलली, तर तो कुणाकडे जाणार? लिहून, तारीख टाकून, मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवून ठेवलेली पटकथा हाच त्याचा पुरावा. नोंदणी आता ऑनलाइन होते, नागपुरातून उठून जावंही लागत नाही.

तेव्हा आपल्याकडे मागणं असं. अर्जात लेखकाचं नाव आणि पटकथेची प्रत मागवा, देवनागरीत, शूटिंगला नेलेली असेल तशीच, खाडाखोडीसह. नंतर सजवून केलेली नको. निवड समितीने लघुपट पाहण्याआधी ती वाचावी. आपल्याकडे प्रवेशिका फार येतात आणि वेळ कमी असतो, हे मी समजू शकते. पण पंधरा मिनिटांच्या लघुपटाची पटकथा वाचायला साधारण तेवढाच वेळ लागतो, आणि वाचून झाल्यावर लघुपट पाहणं वेगळंच होतं. कथा कमकुवत होती की कथा पडद्यावर आलीच नाही, हे परीक्षकांना तेव्हाच सांगता येईल. त्या दिवशी सांगता आलं नाही.

पटकथेला बक्षीस द्या, आणि ते दिग्दर्शनाच्या बक्षिसाइतकंच असू द्या. पैसे नसतील तर दोन्ही कमी करा, पण सारखे ठेवा.

आणखी एक, याला तर खर्चही नाही. स्पर्धेच्या महिनाभर आधी एक रविवार मोकळा ठेवा, आणि निवडक पटकथांचं जाहीर वाचन करा. सीताबर्डीत किंवा धरमपेठेत एखादं ग्रंथालय नक्की जागा देईल. लिहिणारे आणि चित्रपट करणारे आपल्या शहरात एकाच रस्त्याने जातात आणि एकमेकांना ओळखत नाहीत. साहित्याच्या कार्यक्रमाला पन्नाशीच्या वरची माणसं, लघुपटाच्या कार्यक्रमाला पंचविशीच्या आतली. माझ्या पिढीकडे कथा आहेत, त्यांच्याकडे ‘म्हणजे ती करायची काय?’ असं विचारायची धमक आहे. या दोघांना एका सतरंजीवर बसवणं आपल्याला जमेल. मी स्वतः वाचायला, ऐकायला, मुलांच्या पटकथा तपासायला येईन. माझ्या ओळखीतले चार लेखकही यायला तयार आहेत. मानधन नको.

रामटेककडे चित्रनगरी होणार असल्याच्या बातम्या आपण वाचतो आहोत. व्हावी, मनापासून व्हावी. तिथे फ्लोअर असतील, दिवे असतील, कॅमेरे असतील. त्या जागेत नेण्यासारखं आपल्या मुलांच्या पिशवीत काहीतरी लिहिलेलं असावं, यासाठी मी आत्ताच लिहिते आहे. पुढच्या स्पर्धांचे अर्ज बहुधा पावसाळ्यात छापायला जातील. त्यात दोन रकाने वाढवायचे आहेत.

तो मुलगा येत्या मे महिन्यात लघुपट परत करतो आहे. त्याला फ्लॅटमधला नवा कूलर नको, आवाज फार गुळगुळीत येतो म्हणाला. आमच्या घरचा पत्र्याचा जुना कूलर त्याने ऐकून पाहिला आणि तोच ठरला. दरवर्षी एप्रिलच्या सुरुवातीला मी त्याच्या ताट्या बदलून घेते. पण नव्या ताट्यांनी पाणी झिरपण्याचा आवाज बदलतो, म्हणून यंदा त्याने बदलू दिलेल्या नाहीत. रेकॉर्डिंग होईपर्यंत जुन्याच राहतील. आमच्या पटकथेच्या पहिल्या पानावर पहिली ओळ त्याच कूलरची आहे. आपल्यापैकी कुणाला ती पटकथा वाचायची असेल तर जरूर कळवा, प्रत पाठवते.

आपली नम्र,
नागपूरची एक कथालेखिका